वकील मिळतो, पण वेळेवर मिळतो का?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण मराठीत रूढ आहे. पायरी चढायची की नाही हे ज्याला ठरवता येते, त्याच्यापुरती ती खरी आहे. रात्री अटक झालेला हमाल, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली स्त्री किंवा घर रिकामे करण्याची नोटीस हाती पडलेला भाडेकरू यांना ही निवड नसते. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न कोणते कलम लागते हा नसून आपल्या बाजूने बोलणार कोण, हा असतो. भारतीय कायद्याने या प्रश्नाचे उत्तर कागदावर पुरेपूर दिले आहे. राज्यघटनेतील तरतूद, संसदेचा स्वतंत्र कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल यांच्या आधारे आज कोणाही आरोपीला 'वकील परवडत नाही' म्हणून एकाकी उभे राहावे लागू नये. तथापि वकील कोणत्या टप्प्यावर मिळतो आणि कागदपत्रे वाचण्यास त्याला किती अवधी मिळतो, यावरच या हक्काचे मोल ठरते. आपली व्यवस्था उणी पडत आली आहे ती येथेच.

'नाकारता येणार नाही' आणि 'पुरवला जाईल'

१५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संविधान सभेत अटकेसंबंधीचे एक नवे कलम मांडले. व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून यथोचित कायदेशीर प्रक्रियेचा उल्लेख वगळला गेल्याने अनेक सभासद अस्वस्थ होते. नवे कलम ही त्याची काही अंशी भरपाई होती. तेच पुढे घटनेचा अनुच्छेद २२ झाले. अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असे हा अनुच्छेद सांगतो. परंतु हक्क 'नाकारता येणार नाही' असे म्हणणे आणि वकील 'पुरवला जाईल' असे म्हणणे यांत मोठे अंतर आहे. तत्कालीन हैदराबाद राज्यातील, फाशीची शिक्षा झालेल्या आरोपींच्या प्रकरणात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अंतर स्पष्टच केले. आरोपीला वकील नव्हता, एवढ्याच कारणाने खटला आपोआप निरर्थक ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचा वकील सरकार अडवणार नाही. ज्याच्याकडे नाहीत त्याचे काय, याविषयी घटनेतील शब्द मौन पाळून होते.

मुंबई इलाख्याने या प्रश्नाचा विचार तुलनेने लवकर सुरू केला होता. न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्येच तत्कालीन मुंबई सरकारने कायदेविषयक साहाय्याबाबत समिती नेमली होती. त्यांचेच पुत्र न्या. पी. एन. भगवती यांनी पुढे या विषयाला देशव्यापी रूप दिले, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. मधली पंचवीस वर्षे मात्र विषय मुख्यतः अहवालांतच फिरत राहिला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद '३९ अ' आला आणि आर्थिक वा अन्य असमर्थतेमुळे कोणालाही न्यायाची संधी नाकारली जाऊ नये यासाठी मोफत विधी साहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. आणीबाणीच्या काळात झालेली ही दुरुस्ती इतर अनेक कारणांनी टीकेची धनी झाली. तिच्यातील हे एक कलम मात्र टिकले आणि वाढले.

महाराष्ट्रातून गेलेली दोन प्रकरणे

या कलमात प्राण फुंकणाऱ्या निकालांपैकी दोन महाराष्ट्रातील आहेत. पहिला १९७८ चा, 'होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ओळखला जाणारा. प्रकरणातील आरोपी कोणी दीनदुबळा नव्हता. तो विद्यापीठातील प्रपाठक होता आणि बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाचा त्याच्यावर आरोप होता. सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची कैद व दंड अशी नाममात्र शिक्षा दिली, ती उच्च न्यायालयाने तीन वर्षांपर्यंत वाढवली. सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यासाठी तो आला तेव्हा चार वर्षांहून अधिक काळ उलटला होता आणि शिक्षाही भोगून संपली होती. विलंबाचे कारण त्याने सांगितले ते असे, की निकालाची प्रत आपल्याला तुरुंगात वेळेवर मिळालीच नाही. त्याचे अपील न्यायालयाने मान्य केले नाही. पण न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने नियम घालून दिला. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि तत्परतेने मिळाली पाहिजे, तुरुंग प्रशासनाने ती दिल्याची पोच घेतली पाहिजे आणि अपिलासाठी वकील नेमण्याची ऐपत नसेल तर राज्याने तो नेमून त्याचे शुल्क दिले पाहिजे. निकालाची प्रत ही क्षुल्लक बाब वाटेल. पण तिच्यावाचून अपिलाची मुदत निघून जाते, आणि मग कितीही नामवंत वकील उभा केला तरी उपयोग होत नाही.

दुसरे प्रकरण १९८३ चे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पंधरापैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी हे पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयाला कळवले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. चौकशीसाठी मुंबईतील निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवण्यात आले. त्यांच्या अहवालातून पुढे आलेली एक बाब वकिली व्यवसायाला लाज आणणारी होती: तुरुंगातील दोन परदेशी महिलांच्या चीजवस्तू व दागिने एका वकिलाने शुल्कापोटी ठेवतो म्हणून बळकावले होते. वकील नसणे जसे घातक, तसाच देखरेखीवाचून मिळालेला वकीलही घातक ठरू शकतो, हे त्यातून दिसले. न्यायालयाने आदेश दिले, की पोलिसांनी अटक करताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे. अटक झालेल्या व्यक्तीच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावे. आणि ते तिला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावे.

दरम्यान बिहारमधील प्रकरणांनी देश हादरला होता. हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ साली असे कच्चे कैदी समोर आले, की त्यांच्यावरील आरोप सिद्ध झाला असता तर जी कमाल शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ ते खटल्याविना तुरुंगात होते. भागलपूर येथे कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणात १९८० साली न्यायालयाने सांगितले, की आरोपीला प्रथम हजर करताच वकिलाच्या हक्काची माहिती देणे हे न्यायदंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अरुणाचल प्रदेशातून आलेल्या 'सुक दास' प्रकरणात १९८६ मध्ये उरलेली पळवाटही बुजवली गेली. आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, हा बचाव सरकारला घेता येणार नाही. ज्याला हक्कच ठाऊक नाही तो मागणार कसा, असा साधा विचार त्यामागे होता. त्या प्रकरणातील शिक्षा रद्द झाली.

अर्ज कोणी, कोठे करावा

विधी सेवा प्राधिकरण कायदा संसदेने १९८७ मध्ये संमत केला. तो अंमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडावा लागला, यावरून या विषयाची तातडी किती मानली गेली ते कळते. त्यानुसार दिल्लीत राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण (नालसा), प्रत्येक राज्यात राज्य प्राधिकरण, जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण आणि त्याखाली तालुका समिती अशी उतरंड आहे. सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या समित्या वेगळ्या आहेत.

मोफत वकील केवळ दारिद्र्यरेषेखालील लोकांसाठी असतो, हा शहरांत सर्रास आढळणारा गैरसमज आहे. कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया व बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती, मानवी तस्करी वा वेठबिगारीला बळी पडलेले, पूर, भूकंप, जातीय हिंसाचार अशा आपत्तींत सापडलेले आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणारी, सदनिकेत राहणारी स्त्रीसुद्धा पोटगीच्या दाव्यासाठी हे साहाय्य मागू शकते. तिच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागणे गैर आहे. उत्पन्नाची मर्यादा आहे ती या गटांबाहेरील अर्जदारांना. ती राज्यागणिक निराळी असून सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी वार्षिक पाच लाख रुपये आहे. तेथेही सर्वसाधारणपणे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानावे, असे कायदा म्हणतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले कर्मचाऱ्याने लिहून घ्यायचे असते. १५१०० हा नालसाचा मदत क्रमांक आहे. साहाय्य म्हणजे केवळ वकिलाचे शुल्क नव्हे. न्यायालयीन शुल्क, नोटिशीचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता, कागदपत्रांच्या नकला आणि भाषांतर हेही त्यात येते. दिवाणी प्रकरणात दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य आहे की नाही हे पाहिले जाते. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून वेगळे पैसे मागणे वा घेणे निषिद्ध आहे. तसे घडल्यास त्याच कार्यालयात तक्रार करता येते आणि वकील बदलूनही मागता येतो.

पहिले चोवीस तास

एवढी तरतूद असूनही २०२२ अखेर देशातील तुरुंगांत असलेल्या ५ लाख ७३ हजार २२० कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ जण, म्हणजे चारांतील तीन, कच्चे कैदी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ही आकडेवारी आहे. यांतील प्रत्येकाला वकील नव्हता असे म्हणता येणार नाही. बहुतेकांच्या नावापुढे कोणाचे ना कोणाचे वकीलपत्र असतेच. पण ते केव्हा दाखल झाले, हा खरा प्रश्न.

अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाते. ही सुनावणी अनेकदा काही मिनिटांत आटोपते. पण पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी, अटकेची खरोखर गरज होती का, अंगावरील जखमांची नोंद झाली का, आरोपी अल्पवयीन तर नाही ना, हे सारे तेथेच ठरते. त्या वेळी न नोंदवलेली जखम पुढे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ नुसार पोलीस चौकशीदरम्यानही आरोपीला वकिलास भेटता येते, मात्र संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसण्याची मुभा नाही. प्रत्यक्षात मोफत वकिलाची गाठ पडते ती बहुधा थेट न्यायालयाच्या दारात. सत्र न्यायालयातील खटल्यात वकील नेमण्याची तरतूद त्याच संहितेच्या कलम ३४१ मध्ये आहे. परंतु खटला उभा राहीपर्यंत आरोपीचे काही महिने, प्रसंगी काही वर्षे, तुरुंगात गेलेली असतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतील वरळी येथील वाहन-अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले. अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, आणि तत्काळ देणे शक्य नसेल तर कोठडीच्या सुनावणीपूर्वी किमान दोन तास आधी द्यावीत, असे न्यायालयाने म्हटले. हे दोन तास वकिलासाठीच आहेत. कारणेच हाती नसतील तर त्याने युक्तिवाद कशाचा करायचा?

घाईने दिलेला वकील काय करू शकतो, किंवा करू शकत नाही, याचे विदारक उदाहरण मध्य प्रदेशातील खंडवा येथे घडले. बालिकेवरील अत्याचार व खुनाच्या खटल्यात २०१३ साली आरोपीसाठी वकील नेमला गेला त्याच दिवशी आरोपनिश्चिती झाली, आणि दोन आठवड्यांच्या आत फाशीची शिक्षा सुनावली गेली. जलद न्याय म्हणून अशा निकालांचे स्वागत होत असते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला; फेरसुनावणीअंती आरोपी निर्दोष सुटला. जन्मठेप वा फाशी होऊ शकेल अशा प्रकरणांत किमान दहा वर्षांचा अनुभव असलेलाच वकील नेमावा आणि तयारीसाठी त्याला साधारणपणे किमान सात दिवस द्यावेत, हा दंडक त्या निकालातून आला. अकरा वर्षे एका माणसाची गेली आणि बालिकेच्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही. दुबळा बचाव फिर्यादीच्याही हिताचा नसतो, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच बोलली जाते.

यादीवरील वकिलांकडून आलटून पालटून कामे करून घेण्याच्या जुन्या पद्धतीत उणिवा होत्या. मानधन तुटपुंजे, तेही उशिरा. त्यामुळे अनुभवी वकील यादीवर येत नसत आणि आलेले खासगी कामातून उरलेला वेळ देत. यावर उपाय म्हणून नालसाने २०२२ मध्ये पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली. महाराष्ट्रात ही कार्यालये 'लोकअभिरक्षक कार्यालय' या नावाने ओळखली जातात. सरकारी अभियोक्त्याप्रमाणेच बचावासाठीही ठरावीक मानधनावरील वकील, खासगी कामास मनाई, अशी ही रचना आहे. दिशा योग्य आहे. मात्र मोजक्या वकिलांवर जिल्ह्यातील फौजदारी खटल्यांचा भार टाकला, तर जुनाच दोष नव्या पाटीखाली राहील. सुहास चकमा प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील विधी साहाय्य केंद्रांचे कामकाज तपासत राहण्याचे आदेश दिले, त्यामागेही हीच चिंता होती.

ज्याच्यासाठी कोणी उभे राहू इच्छित नाही

वकिलाची फी परवडत नाही, हा एक अडथळा. दुसरा अडथळा अधिक अवघड आहे: पैसे असले तरी वकीलपत्र घ्यायला कोणी धजत नाही. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांच्या बचावासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर आले आणि खर्चाला बंगालमधील हितचिंतकांनी हातभार लावला. त्या वेळी टिळकांच्या जामिनासाठी ज्या बॅरिस्टर दावर यांनी यशस्वी युक्तिवाद केला, त्यांनीच १९०८ मध्ये न्यायमूर्ती या नात्याने टिळकांना जामीन नाकारला आणि सहा वर्षांची शिक्षा सुनावली. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ साली, त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांवर लिहिणाऱ्या कर्व्यांची बाजू घेणे त्या काळी लोकप्रिय होण्याचा मार्ग नव्हता. खटला ते हरले, पण अशील एकटा पडला नाही.

मुंबईची कसोटी लागली ती २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर. महानगर दंडाधिकारी न्यायालयांतील वकिलांच्या संघटनेने आरोपीचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. जखम ताजी होती. भावना समजण्यासारखी होती. विशेष न्यायालयाने मार्च २००९ मध्ये अंजली वाघमारे यांची नेमणूक करताच त्यांच्या घरासमोर निदर्शने झाली. हितसंबंधांच्या प्रश्नावरून पुढे त्या बाजूला झाल्या, मग अब्बास काझमी आणि त्यांच्यानंतर के. पी. पवार यांनी अजमल कसाबचे काम पाहिले. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी त्याची बाजू मांडली. फाशी कायम झाली. पण २९ ऑगस्ट २०१२ च्या त्या निकालातच न्यायालयाने म्हटले, की न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे पहिल्यांदा हजर करतानाच आरोपीला वकिलाच्या हक्काची जाणीव करून द्यावी व ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने वकील द्यावा. यात कसूर करणारा न्यायदंडाधिकारी खातेनिहाय कारवाईस पात्र ठरेल. देशातील सर्वांत तिरस्कृत आरोपीच्या खटल्यातून सामान्य आरोपीला मिळालेले हे संरक्षण आहे.

त्याच खटल्यात दोन भारतीय सहआरोपी होते. हल्लेखोरांना नकाशे पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्यांच्यापैकी एकाचे वकील शाहिद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ला येथील त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. मे २०१० मध्ये दोघेही पुराव्याअभावी निर्दोष सुटले आणि ही सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. वकिलांचा ठराव अक्षरशः पाळला गेला असता, तर त्यांचे काय झाले असते, याची कल्पनाच करावी.

डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा ठरावांना बेकायदेशीर व शून्यवत ठरवले. प्रकरण कोईमतूरचे होते आणि तेथील वकिलांनी ज्यांच्यावर बहिष्कार टाकला होता ते आरोपी पोलीस होते. आपल्या योग्यतेला साजेसे शुल्क मिळत असेल तर आलेले काम वकिलाने स्वीकारावे, विशेष परिस्थितीतच नाकारावे, असे भारतीय बार कौन्सिलचे नियम सांगतात. अशिलाची कृती मान्य असणे ही त्याची अट नाही. वकिलांचा संप बेकायदेशीर असल्याचेही सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. तरीही कामकाजावरील बहिष्काराच्या बातम्या अधूनमधून येतच असतात.

पैसे देणाऱ्या पक्षकारासाठी

स्वतःच्या खर्चाने वकील नेमणाऱ्यांनाही काही गोष्टी ठाऊक असणे हिताचे. दाव्यात मिळणाऱ्या रकमेत अमुक टक्के वाटा, अशा अटीवर वकिलाला शुल्क ठरवता येत नाही. फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. फीसाठी त्याने स्वतंत्र दावा करावा. वकील बदलायचा असल्यास जुन्या वकिलाची ना-हरकत घेण्याची प्रथा आहे; ती मिळत नसेल तर न्यायालयाची परवानगी मागता येते. वकील-अशील यांच्यातील बोलणे गोपनीय असते आणि अशिलाच्या संमतीवाचून ते उघड करण्यास वकिलाला मनाई आहे. ही मनाई वकिली संपल्यावरही कायम राहते.

वकिलाच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक मंचाकडे जाण्याचा मार्ग १४ मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला आहे. अशिलाचे वकिलावर थेट नियंत्रण असते, ही नेहमीची ग्राहकसेवा नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. गैरवर्तणुकीची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते; महाराष्ट्र व गोवा यांची बार कौन्सिल एकच असून तिचे मुख्यालय मुंबईत आहे. वकिली अधिनियमानुसार अशा तक्रारीचा निकाल एक वर्षात लागणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास प्रकरण आपोआप भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते, आणि तक्रारदाराला दिल्लीची वाट धरावी लागते.